ऑक्टोबरचा समुद्र: कोकण किनाऱ्यावरच्यांनी (आणि येणाऱ्यांनी) इथे लिहा

गलबत
दसरा जवळ आला की पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात, पाऊस गेला ना, आता समुद्रात जायला हरकत नाही ना, स्कुबा चालू झालं का, मुलांना पाण्यात सोडलं तर चालेल का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकच धागा काढतेय, पुढच्या वर्षी सगळ्यांना लिंक फेकायची.

माझं मत आधीच सांगते म्हणजे भांडायला सोपं. जून-जुलैचा समुद्र बघूनच माणूस मागे सरतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात आकाश निळंशार, ऊन कडक, सकाळी पानसुद्धा हलत नाही, आणि पाणी मात्र अजून पावसाळ्यातून बाहेर आलेलं नसतं. जमिनीवरचा पावसाळा आणि समुद्राचा पावसाळा एकाच दिवशी संपत नाहीत एवढंच म्हणणं आहे. मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात (२०२० साली हवामान खात्याने तारखा बदलल्या, आधी सप्टेंबर अखेर होती), आणि लोक त्या तारखेला समुद्राची पण सुट्टी लागल्यासारखं वागतात.

तर किनाऱ्यावर राहणारे, बोटवाले, हवामानाची आवड असलेले सगळ्यांनी लिहा. वारा, लाटा, भरती, मासळी काहीही. होमस्टेच्या जाहिराती नकोत प्लीज.

दुधी_भोपळा
पहिला नंबर. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला चाललोय, बुकिंग झालंय, आता घाबरवू नका 😄

पिंपळपार
गलबत, चांगला धागा. रत्नागिरीतून लिहितोय. आत्ता दुपारचे दोन वाजलेत आणि घरात बसवत नाही इतकं उकडतंय. बाहेरच्यांना वाटतं समुद्राकाठी थंड असेल. अजिबात नाही. ह्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून येतो, घाट उतरून खाली येताना तापतो, आणि समुद्राकडून येणारा खारा वारा जो एरवी अकराच्या आसपास चालू व्हायचा तो एक-दोन वाजले तरी येत नाही. तोपर्यंत ऊन आणि ओली जमीन मिळून वाफ काढतात. मुंबईचं पण तेच, सांताक्रूझला ऑक्टोबरात ३५-३६ ला पारा जातो आणि बोंबाबोंब होते. ज्या दिवशी खारा वारा लवकर आला तो दिवस बरा, बाकी सगळी लॉटरी.

आणि संध्याकाळी चार-पाचनंतर सह्याद्रीकडे बघा. काळे ढग उभे राहतात, पूर्वेचा वारा त्यांना किनाऱ्याकडे ढकलतो आणि सहा-सातला विजा कडाडून अर्धा तास धो धो. हस्त आणि चित्रा नक्षत्राचा पाऊस असाच. हळवं (लवकर पिकणारं) भात कापून शेतात पसरलेलं असतं आणि वरून हे. शेतकऱ्याला विचारा ऑक्टोबर कसा असतो.

दुधी_भोपळा
म्हणजे दिवसा उकाडा, संध्याकाळी विजा आणि पाण्यात जायचं नाही. मग यायचं कशाला?

पिंपळपार
मासे खायला. ते लिहील कोणीतरी.

अर्धवट_हवामानी
आलोच मी. डिग्री नाही, नुसता छंद आहे हे आधी सांगतो.

ऑक्टोबरच्या समुद्राबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अरबी समुद्रात वादळांचे दोन सीझन असतात, एक मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि दुसरा मान्सून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात. भर मान्सूनमध्ये खालचे आणि वरचे वारे उलट दिशेने इतके जोरात असतात की वादळाला उभं राहता येत नाही, आणि पाणीही ऑगस्टपर्यंत थोडं थंडावतं. मान्सून परतला की वरचे वारे शांत, आकाश मोकळं, पाणी पुन्हा तापून २८-२९ अंशावर. वादळाला साडेसव्वीसच्या वर पाणी लागतं. म्हणजे आपल्याला जी हवा "आता छान झाली" वाटते तीच वादळाला पण छान वाटते.

उदाहरणं आठवा.
फयान, ११ नोव्हेंबर २००९, अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर आलं. 
क्यार, ऑक्टोबर २०१९. हे तर रत्नागिरीच्या समोरच वाढलं आणि बरोबर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, सुपर सायक्लोन झालं, अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर पहिलंच. आपल्या जमिनीला शिवलं नाही, ओमानच्या दिशेने गेलं आणि समुद्रातच विरलं. ते विरायच्या आत लक्षद्वीपजवळ महा तयार. एकाच वेळी दोन वादळं अरबी समुद्रात!
ओखी, डिसेंबर २०१७. 
अगदी अलीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये शक्ती, पश्चिमेला गेलं, मागे वळलं, आणि आपल्याकडे यायच्या आत दमलं.

ह्यातलं फयान सोडलं तर एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळ म्हणून आदळलं नाही. तरी समुद्र प्रत्येक वेळी बिघडला. पर्यटक इथेच चुकतात, वादळ "तिकडे गेलं" म्हणजे विषय संपला समजतात.

मालवणी_खाजा
हवामानी भाऊ बरोबर बोललात. क्यारच्या वेळचं सांगतो. वादळ शेकडो किलोमीटर लांब, आणि आमच्याकडे देवबाग-तळाशीलला पाणी रस्त्यावर. देवगडात जेटीवर लाटा. ऐन दिवाळीत लोक आकाशकंदील सोडून घरातलं सामान उचलत होते. देवगड बंदर आत वळलेलं असल्यामुळे वादळात सगळ्यांना तिथेच आसरा, गुजरातच्या बोटी, कर्नाटकच्या बोटी, आणि ओखीच्या वेळी तर केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी भरकटत तिथे येऊन लागलेल्या. खलाशांची भाषा कोणाला येत नव्हती, तरी गावाने जेवण घातलं.

दुधीभाऊ, तारकर्लीला जरूर येवा. पण पाण्यात उतरूच्या आधी वारो खयचो असा ता विचारा. किनाऱ्यावरचो माणूस वाऱ्यावरून सांगता, आकाशावरून नाय.

दुधी_भोपळा
वारो खयचो ह्यावरून काय कळतं? खरंच विचारतोय.

मालवणी_खाजा
मराठीत लिहितो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे थंड मतलई वारा सुटायला लागला, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, आणि रोज तेच तेच, तर समजा हवा बसली. मतलईवर बोट बाहेर काढायची आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, पूर्वी शिडाच्या होड्या असताना सगळं ह्याच हिशोबाने चालायचं. पण सकाळी मतलई आलीच नाही, दक्षिणेकडून दमट वारा लागला, आणि वारा नसताना पण किनाऱ्यावर लांब अंतराने जाड लाट फुटायला लागली, तर बाहेर कुठेतरी काहीतरी चाललंय. आमच्याकडचे म्हातारे तेवढ्यावर जाळी आवरतात, मोबाईल बघत नाहीत. मी मात्र दोन्ही बघतो 😀

शीडबहाद्दर
मुंबईत शिडाच्या बोटी चालवतो, हौशी. खाजा ह्यांच्या त्या जाड लाटेबद्दल थोडं लिहितो कारण मुंबईच्या लोकांना ते कळतच नाही.

लाट दोन प्रकारची. एक इथल्या वाऱ्याने उठलेली, चार-सहा सेकंदांनी येणारी, वारा पडला की ती पण पडते. दुसरी लांबून आलेली, हजारो किलोमीटर दक्षिणेला, पार अंटार्क्टिकाच्या बाजूच्या समुद्रात वादळं होतात तिथून निघून आठवडाभर प्रवास करून येणारी. तिच्या दोन लाटांत १५-१८ सेकंद. खोल पाण्यात बोटीला कळत पण नाही, हळू वर हळू खाली, पण उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि किनाऱ्यावर जोरात आपटते. आकाश स्वच्छ, वारा शून्य, लोक सेल्फी काढत खडकावर उभे, पंधरा मिनिटं काहीच नाही आणि मग एक गट येतो चार-पाच मोठ्या लाटांचा. केरळात ह्यालाच कल्लक्कडल म्हणतात, तिथे एप्रिल-मेमध्ये जास्त, पण पावसाळ्यानंतरही येते. हैदराबादची इन्कॉइस संस्था ह्याचा वेगळा इशारा काढते, जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे, लाटेची उंची आणि सेकंद दोन्ही देतात. लोक फक्त उंची वाचतात. दीड मीटर म्हणजे काय एवढं असं म्हणून जातात. दीड मीटर सहा सेकंद आणि दीड मीटर सतरा सेकंद ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, सेकंद वाचा.

गलबत
शीडबहाद्दर, हे मला पाहिजेच होतं. अजून एक भर घालते. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोडं आत तिचा आडवा बांध घालतात. मग ऑक्टोबरपासून ती वाळू हळूहळू परत येते, किनारा पूर्ण भरायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. म्हणजे ह्या दिवसांत आत वाळूचा बांध, त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे खोलगट भाग, आणि बांधाला मधेमधे खिंडारं. लाटेने आत आलेलं पाणी त्या खिंडारातून बाहेर धावतं. ती ओढ. आणि गंमत म्हणजे त्या जागी लाट फुटत नाही त्यामुळे नवख्याला तोच भाग शांत वाटतो, तिथेच उतरतो. मागच्या मेमध्ये तुम्ही जिथे पोहलात ती जागा ऑक्टोबरात तशी नसतेच. गुहागर, गणपतीपुळे, काशीद, सगळीकडे हेच.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर सरका, ओढीचा पट्टा फार रुंद नसतो.

कडवईची_गाडी
भरतीची वेळ कुठे बघायची? गुगल एक सांगतं, हॉटेलवाला दुसरं.

मालवणी_खाजा
कॅलेंडर काढा, तिथी बघा, तिथीची पाऊणपट करा. आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, दुपारी तीन आणि पहाटे तीनला पूर्ण भरती, आणि नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावस्या, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदा एक. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बीचवर जायचं की नाही एवढं ठरवायला पुरतं.

म्हणजे दुधीभाऊ, तुम्ही भाऊबीजेला तारकर्लीत असाल तर द्वितीया, दीड वाजता भरती, सकाळी साडेसातला ओहोटी. 

शीडबहाद्दर
हे सूत्र मुंबईत पण चालतं, पण मुंबई आणि मालवणचं पाणी सारखं समजू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवण-गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास. जसजसे उत्तरेला जाल तसा समुद्रतळ उथळ आणि रुंद होत जातो आणि खंबातच्या आखातात पाणी कोंडून चढतं, भावनगरला तर विचारूच नका. त्यामुळे अलिबाग, काशीद, मुरुड ह्या बाजूला पाणी मालवणपेक्षा खूप जोरात चढतं-उतरतं. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे आणि भरतीत अडकणारे दरवर्षी असतात. आणि दिवस-रात्र सारखी होते त्या आसपासची, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची उधाणं वर्षातल्या मोठ्यांपैकी असतात. कोजागिरीला चंद्र बघायला किनाऱ्यावर जाणाऱ्यांनो, सव्वाअकराला पाणी पूर्ण भरलेलं असणार, चटई जरा वर टाका.

दुधी_भोपळा
बायकोला पाऊणपट शिकवली. ती म्हणाली माझ्या आजीला येत होतं हे. असो. स्कुबाचं काय?

मालवणी_खाजा
मेरीटाइम बोर्डाची बंदी २६ मे ते ३१ ऑगस्ट. १ सप्टेंबरपासून कागदावर सगळं चालू, किल्ल्याच्या होड्या, वॉटर स्पोर्ट्स. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये बरेच दिवस होड्या सुटतच नाहीत. ऑक्टोबरात सुटतात. पण स्कुबासाठी पाणी गढूळ असतं, नद्यांचा गाळ अजून खाली बसलेला नसतो, कधी दोन-तीन मीटर दिसतं कधी तेवढंही नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पाणी निवळतं, डिसेंबर-जानेवारी बेस्ट. हे मी धंद्यातला असून सांगतोय, बाकीचे "दिसेल दिसेल" म्हणून पैसे घेतील. लाइफ जॅकेट घट्ट बांधा, आणि होडीत जास्त माणसं बसवली तर उतरा. पैसे गेले तरी चालतील.

दोनापावला
गोव्यात राहते, समुद्राच्या पाण्याच्या रसायनाशी कामाचा जुना संबंध. इथे सगळे पृष्ठभागाबद्दल लिहितायत म्हणून मी खालचं लिहिते, कारण ऑक्टोबरातली खरी भानगड खाली असते.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत, केरळपासून गोव्याच्या वरपर्यंत, खोल समुद्रातलं थंड पाणी तळातून वर सरकत किनाऱ्याकडे येतं. त्यात खतं भरपूर पण प्राणवायू कमी. त्याच वेळी वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी येतं, ते हलकं, म्हणून वर दुधावरच्या सायीसारखं पसरतं आणि खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही. वर सूर्यप्रकाश आणि खत म्हणून शेवाळं माजतं, मरतं, खाली बसतं, कुजतं, आणि उरलासुरला प्राणवायू पण खाऊन टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे टोकाला जातं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर जेमतेम २५-२७ मीटर खोल पाण्यात वर्षानुवर्षं नमुने घेतेय, तिथे काही वर्षी तळाशी प्राणवायू शून्य आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. ह्याबद्दल २००० साली नेचरमध्ये पेपर आला तेव्हा जगभर चर्चा झाली होती. बीचपासून दहाएक किलोमीटरवर हे चाललेलं असतं, वर टुरिस्ट बनाना राइड घेत असतात आणि कोणाला पत्ता नाही.

नोव्हेंबरात किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. तो उलटला की खालचं पाणी परत खोल जातं आणि तळाला हवा मिळते. म्हणून गलबतने जे म्हटलंय, समुद्राचा पावसाळा वेगळा, ते अगदी बरोबर आहे आणि तो नोव्हेंबरात संपतो.

पिंपळपार
जबरदस्त पोस्ट. म्हणजे ऑक्टोबरात तळातली मासळी वर किंवा किनाऱ्याकडे येते ती ह्यामुळे का?

दोनापावला
तळाला राहणारे जीव, कोळंबी, छोटे मासे, हवा नसेल तर सरकणारच, काही वर येतात काही उथळात. पण प्रत्येक मोठी पकड ह्याच कारणाने असं म्हणू नका. बांगडा-तारली तर वरच्या थरातच फिरतात आणि तिथे ह्या दिवसांत खाणं भरपूर.

मालवणी_खाजा
बांगड्याचो सीझन आत्ताच. रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं लांब जाळं) लावली आणि बांगडा लागला तर अख्खा गाव किनाऱ्यावर, दोर ओढणाऱ्याला पण वाटा. पण आता रापणीला पूर्वीसारखं काही उरत नाही. पर्ससीनला (मोठं जाळं थव्याभोवती गोल टाकणाऱ्या यांत्रिक बोटी) महाराष्ट्रात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर परवानगी, म्हणजे नेमका बांगड्याचा काळ, आणि त्यातले काही हद्द सोडून आत येतात. एलईडी लाइट लावून मासेमारी केंद्राने २०१७ साली बंद केली, रात्री समुद्राकडे बघा आणि तुम्हीच सांगा बंद आहे का.

पिंपळपार
खाजाशेठ, पर्ससीनवाल्यांची पण घरं आहेत हो, आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात विचारा, कर्ज काढून बोटी बांधल्यात आणि चार महिन्यांतले अर्धे दिवस हवामानाच्या इशाऱ्यात जातात.

मालवणी_खाजा
कर्ज आमच्या पण डोक्यावर असा.

गलबत
दोघांना विनंती, पर्ससीनसाठी वेगळा धागा काढा, मी पण येईन भांडायला. पण इशाऱ्याचं पिंपळपार ह्यांनी काढलंय तर त्यावर लिहा ना कोणीतरी. तीन नंबरचा बावटा म्हणजे नक्की काय? बातमीत वाचतो नुसतं.

अर्धवट_हवामानी
बंदरावर दिवसा शंकू-सिलिंडरच्या खुणा आणि रात्री लाल-पांढरे दिवे लावतात, एक ते अकरा नंबर. एक आणि दोन म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे, बंदराला लगेच धोका नाही, पण बाहेर जाणाऱ्याने विचार करावा. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा येऊ शकतो. चार म्हणजे वादळ बंदराला धडकू शकतं. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक वेळा एक, दोन नाहीतर तीनवर भागतं. चॅनेलवाले तीनला पण दहासारखं ओरडतात आणि मग लोक खऱ्या तीनला पण हसतात.

मच्छीमारांसाठीच्या बुलेटिनमध्ये "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत" असं लिहिलेलं असेल तर ते छोट्या होडीसाठी पुरेसं वाईट आहे, हसू नका.

पिंपळपार
फयानच्या वेळी हेच बुलेटिन बोटींपर्यंत वेळेत पोचलं नाही. चार-चार दिवसांसाठी बाहेर गेलेल्या बोटी, मोबाईलला रेंज नाही, बऱ्याच बोटींवर वायरलेस नाही. सकाळी साधा पाऊस होता असं सगळे सांगतात, आणि दुपारी समुद्र पांढरा. जयगड खाडीत ज्यांना शिरता आलं ते वाचले. आमच्या जिल्ह्यातली कित्येक माणसं परत आलीच नाहीत. त्यानंतर वायरलेस, लाइफ जॅकेट, नोंदणी, सगळ्याची कडक तपासणी सुरू झाली. हर्णैच्या बोटी आता इशारा आला की सरळ आंजर्ले खाडीत जाऊन बसतात, पूर्वी "बघू उद्या" म्हणायचे.

मस्कतवासी
वाचतोय सगळं, उशिरा लिहितोय. मूळचा दापोलीकडचा, बरीच वर्षं मस्कतला. तुमच्याकडून जे "तिकडे गेलं" ते तिकडे म्हणजे आमच्याकडे येतं ओ 🙂 ऑक्टोबर २०२१ चं शाहीन वादळ आठवतंय? बंगालच्या उपसागरात गुलाब म्हणून जन्मलं, आंध्र-ओडिशात शिरलं, अख्खा भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, तिथे पुन्हा जोर धरून नाव बदलून ३ ऑक्टोबरला मस्कतच्या वायव्येला अल बातिनात धडकलं. म्हणजे मराठवाड्यात ज्याने पूर आणले त्याच पावसाच्या उरलेल्या भागाने आमचे रस्ते वाहून नेले. गावाला फोन केला तर आई विचारते, आमच्याकडे ऊन पडलंय, तुमच्याकडे कसा पाऊस?

त्या आठवड्यात दोन्हीकडच्या घरचे एकमेकांना काळजी घ्या सांगत होते.

अर्नाळ्याची_बोंबील
सगळे दक्षिणेचेच बोलतायत, उत्तर कोकण पण आहे बरं का. आमच्याकडे वसई-अर्नाळा-सातपाटीला ऑक्टोबर म्हणजे पापलेट. सिल्व्हर पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे आणि सातपाटी त्याचं माहेर. पण पिल्लंच पकडली तर पुढे काय, म्हणून छोटं पापलेट घेऊ नका, हात जोडून सांगते, तळव्याएवढं ताटात आलं की परत पाठवा.

आणि दुसरं, ज्या उन्हाला तुम्ही सगळे शिव्या घालताय त्यावर आमचं वर्षाचं गणित चालतं. बोंबील वलांडीवर (वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर) घातले की दोन-तीन दिवस कडक ऊन आणि मतलई वारा पाहिजे. एक संध्याकाळचा पाऊस आला की माल काळा पडतो, किडे लागतात, मग तो खतातच जातो. क्यार आणि महाच्या पंधरवड्यात बायकांनी किती माल फेकला त्याचा हिशोब कुठल्या पंचनाम्यात आला नाही. बोट बुडली तर पंचनामा होतो, वाळत घातलेली मासळी भिजली तर "त्यात काय" म्हणतात. वादळ किनाऱ्याला लागो न लागो, ढग आले तरी आमचं नुकसान.

गलबत
अर्नाळ्याची_बोंबील, हे कोणी लिहीत नाही, थँक्यू. वरती टाकायला हवं होतं.

कडवईची_गाडी
आंबावाले पण आहेत हो रांगेत. ऑक्टोबर तापला पाहिजे, नंतर थंडी पडली पाहिजे, मग मोहोर. पाऊस दिवाळीपर्यंत लांबला की झाडाला पालवी फुटत राहते आणि मोहोर मागे पडतो. २०२५ ला ऑक्टोबर संपत आला तरी समुद्रातल्या त्या कमी दाबामुळे पाऊस चालूच होता, भाताचं वाटोळं झालं ते वेगळंच.

दुधी_भोपळा
बरं, ऐका. घरात मीटिंग झाली. किल्ला, देवबाग, मासे हे पक्कं. पोहणं फक्त गुडघाभर पाण्यात, ओहोटी संपून भरती लागतानाच्या वेळात, आणि स्कुबा रद्द, त्यासाठी जानेवारीत वेगळी ट्रिप (हे बायकोने ठरवलंय, मी फक्त टाइप करतोय). देवबागच्या त्सुनामी आयलंडला जायला हरकत नाही ना?

मालवणी_खाजा
ता कर्ली नदीच्या तोंडावरचो वाळूचो दांडो, दर पावसाळ्यात थोडो हलता. होडीवालो स्थानिक असेल तर जावा. भरतीच्या आधी परत. तिथे पाणी गुडघाभर दिसतं आणि चार पावलांवर खोल आहे, नदी आणि समुद्र दोन्ही ओढतात, मुलांचा हात सोडू नका.

शीडबहाद्दर
आणि निघायच्या आदल्या दिवशी इन्कॉइसची साइट उघडून सिंधुदुर्ग जिल्हा बघा, लाट आणि सेकंद. तेरा-चौदाच्या वर सेकंद दिसले तर त्या दिवशी खडकांवर जायचं नाही, निवती-भोगव्याच्या बाजूला पण नाही.

दुधी_भोपळा
नोंद केली. बांगडा कुठे चांगला मिळेल?

मालवणी_खाजा
सकाळी मालवण जेटीवर लिलाव बघा. टोपलीभर घ्यायचा नसेल तर बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या, डोळे स्वच्छ आणि कल्ला लाल बघून. तिरफळ घालून करूक सांगा.

दोनापावला
तिरफळं ओली मिळाली तर माझ्यासाठी पण घ्या, इकडे ह्या वर्षी लवकर संपली.